शस्त्रक्रियेनंतर अपाय झाला असता न्यायालयात जावे काय?

गेल्या फेब्रुवारीत ज्वारीची काढणी आटोपल्यावर एके सायंकाळी एक शेतकरी आपल्या पत्नीस घेऊन आमच्या ओसरीवर आला. त्यांच्याजवळ एक कापडी थैली होती, व तीत केसपेपर, औषधांची बिले, सोनोग्राफीची चित्रे आणि दोन निरनिराळ्या इस्पितळांची डिस्चार्ज कार्डे कोंबलेली होती. बाई चाळिशी ओलांडलेली. चौदा महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढण्यात आली. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला व डावी कूस दुखू लागली. पाचव्या दिवसापासून अंथरूण आपोआप भिजू लागले. "होते असे, थांबेल," एवढेच उत्तर मिळाले, आणि सातव्या दिवशी तिला घरी धाडण्यात आले. घरी पाच आठवडे ती फडकी बदलीत राहिली. शेजारणींत बसेनाशी झाली. उपासनेस येणेही तिने बंद केले. शेवटी मोठ्या शहरी नेल्यावर कळले की, मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे जाणारी नळी त्या शस्त्रक्रियेत दुखावली होती. दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली व बाई बरी झाली. परंतु एक मूत्रपिंड दुबळे राहिले, बैलजोडी विकली गेली, आणि एक एकर जमीन गहाण पडली.

नवऱ्याचे म्हणणे, डॉक्टरास कोर्टात उभे करावयाचेच. त्याचा थोरला भाऊ त्याहून पुढे गेला होता. दवाखान्याच्या काचा फोडल्याखेरीज ह्या लोकांस समजत नाही, असे तो गावात बोलत होता. गावच्या उपदेशकाने सांगितले होते की, क्षमा करावी व सर्व देवावर सोपवावे. त्यात आणखी अडचण ही की, ह्याच डॉक्टराने त्या बाईची दोन बाळंतपणे केली होती, व एकदा तर अपरात्री येऊन एक पैसाही घेतला नव्हता. बाई स्वतः काही बोलली नाही.

त्या सायंकाळी आम्ही त्यांस काही तयार उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून ह्या प्रश्नाचा जो विचार आम्ही केला तो वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण अशी थैली घेऊन कोणी तरी आपल्यापैकी पुष्कळांच्या दाराशी आज ना उद्या येणार आहे.

पहिली गोष्ट ही की, अपाय झाला म्हणजे अपराध झालाच असे नाही. गर्भाशयास रक्त पुरविणारी वाहिनी व लघवीची नळी ह्या गर्भाशयाच्या मुखाशेजारी, बोटभर अंतरावर, एकमेकींस ओलांडून जातात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेने आतील भाग एकमेकांस चिकटलेले असले, किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर ती नळी ओळखू येणे कठीण होते. उत्तम शिकलेल्या व दक्ष शस्त्रवैद्याच्या हातूनही ती क्वचित दुखावते, हे वैद्यकाच्या ग्रंथांत सांगितलेले आहे. तेव्हा नळी दुखावली एवढ्यावरून डॉक्टरास दोषी म्हणणे न्यायाचे नाही. परंतु ताप, कुशीतील कळ व न थांबणारी गळती ही त्या अपायाची खूण आहे, हेही त्याच ग्रंथांत आहे; आणि वेळीच ओळखले तर कित्येक प्रसंगी आत बारीक नळी घालून मोठी शस्त्रक्रिया टाळता येते. म्हणून विचारावयाचा प्रश्न "नळी का दुखावली?" हा नव्हे, तर "तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत कोणी पाहिले काय?" हा आहे.

हा भेद आपल्या वाचकांस नवा वाटू नये. मोशेच्या नियमशास्त्रात तो फार स्पष्ट आहे. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात रानात लाकूड तोडणाऱ्याची गोष्ट आहे: कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्यास लागते व तो मरतो. अशा मनुष्यासाठी शरणपुरे नेमलेली होती. नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीस जे नाव पडले ते ह्यावरूनच. मेलेल्याच्या आप्ताचा क्रोध कितीही तापलेला असो, पाते निसटलेल्या मनुष्याचा जीव त्याने घेऊ नये. दुसरीकडे, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात शिंगे मारणाऱ्या बैलाचा नियम पाहावा. बैलाने पहिल्यानेच एखाद्यास मारले तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे धन्यास अगोदर कळविलेले असून त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर दोष धन्याचा. घराच्या धाब्यास कठडा नसेल आणि कोणी पडला, तर रक्तदोष त्या घरावर. ह्या नियमांत हेतू कोठेच वाईट नाही. बैलाच्या धन्यास कोणाचा जीव घ्यावयाचा नव्हता. तरीही ज्यास कळविले गेले होते व ज्याने बांधले नाही, तो "माझ्या मनात पाप नव्हते" असे म्हणून सुटत नाही. रुग्णाच्या तापाचा कागद म्हणजे डॉक्टरास कळविणेच होय.

आपल्या देशाच्या न्यायालयांनी जे ठरविले आहे ते ह्याहून फारसे निराळे नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. त्यास पुण्यास आणले. हाड बसविताना योग्य भूल न देता बळाने खेचण्यात आले, आणि तो त्याच रात्री वारला. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६८ साली निकाल झाला. न्यायालयाने सांगितले की, वैद्याची तीन कर्तव्ये आहेत: रोगी आपण हाती घ्यावा की नाही हे विचारपूर्वक ठरविणे, कोणता उपचार करावा हे ठरविणे, व तो उपचार काळजीने करणे. सर्वांत श्रेष्ठ कौशल्य कोणाकडूनही मागता येत नाही. परंतु वाजवी कौशल्य व वाजवी काळजी मागता येते. त्या तरुणाच्या आईबापांस भरपाई मिळाली ती तीन हजार रुपये.

ह्या तीन कर्तव्यांतील पहिल्याकडे आमचे विशेष लक्ष गेले. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या डॉक्टराजवळ मोठ्या शहरातील साधने नसतात, भूल देणारा वैद्य दुसऱ्या गावाहून बोलवावा लागतो, रात्री रक्त मिळत नाही; तेव्हा त्यास शहराच्या मापाने मोजू नये हे आम्हांस मान्य आहे. पण साधने नसली तर रोगी पुढे पाठविणे हे तर साधनांवाचूनही होते. तसेच शस्त्रक्रियेची गरज होती काय, हा प्रश्न सुरीच्याही आधीचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या फार मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले व सरकारास चौकशीसाठी समिती नेमावी लागली. "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल" ह्या धाकाने ज्या बाईने अंगठा उठविला, तिची शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली तरी तिच्यावर अन्याय झालाच.

आता उपदेशकाच्या सल्ल्याकडे वळू. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेऊन आपल्या मंडळ्यांत कित्येक जण असे शिकवितात की, ख्रिस्ती मनुष्याने न्यायालयाची पायरी चढूच नये. त्या अध्यायात पौल कोणास दोष देतो हे नीट वाचावे. एकाच मंडळीतील भाऊ एकमेकांस लुबाडीत होते व ते भांडण बाहेर नेत होते, त्यांस तो लाजवितो. हाच पौल फिलिप्पै येथे अन्यायाने फटके खाल्ल्यावर गुपचूप निघून जाण्यास कबूल झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे असा त्याने आग्रह धरला. आणि पुढे त्याने कैसराजवळ दाद मागितली. न्यायासन ही मुळातच अपवित्र वस्तू आहे असे त्यास वाटले असते तर त्याने तसे केले नसते. शिवाय, समजा डॉक्टर आपल्याच मंडळीचा आहे. तरी शस्त्रक्रियेचा कागद वाचून दोष कोणाचा हे ठरविण्याची विद्या मंडळीच्या पंचांजवळ आहे काय? ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिचा निवाडा करून "आपसात मिटविले" असे म्हणणे, हाही एक प्रकारचा अन्यायच आहे, आणि तो बहुधा दुबळ्याच्या माथी बसतो.

क्षमेविषयी आम्हांस जे वाटते ते उपदेशक बंधूंनी रागावू न जाता ऐकावे. क्षमा ज्याचे त्याने करावयाची असते. पाच आठवडे जी फडकी बदलीत होती, तिच्या वतीने ज्याने एकही फडके धुतले नाही त्याने क्षमा करून टाकणे सोपे आहे. आणि सल्ला देणाऱ्याने आपले अंतःकरण तपासून पाहावे: डॉक्टर मोठा मनुष्य आहे, शाळेस वर्गणी देतो, आपल्या मुलाबाळांस फुकट तपासतो, म्हणून तर आपणांस क्षमेचा अध्याय आठवला नाही ना? हेच दांपत्य एखाद्या गरीब शेजाऱ्याविरुद्ध बांधाची तक्रार घेऊन आले असते, तर आपण तोच अध्याय काढला असता काय? इस्पितळ आपल्याच मिशनचे असेल तर हा मोह दुप्पट होतो. तेथे नाव झाकण्याचे काम धर्मकार्यासारखे भासू लागते.

मनातील वैर सोडणे व हक्क सोडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. निर्गमाच्या त्याच अध्यायात असे आहे की, भांडणात एखाद्यास मारून अंथरुणास खिळविले, व तो पुढे उठून काठी टेकीत चालू लागला, तर मारणाऱ्यास शिक्षा नाही. परंतु त्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई करावी व त्यास पुरता बरा करवावा. त्यात सूड मुळीच नाही. ज्याचे गेले त्याचे भरून द्यावे, एवढेच आहे. एक एकर सोडवून घेण्यास पैसे मागणे हा लोभ नव्हे. आणि दुसऱ्या एका गोष्टीची क्षमा तर ही बाई करूच शकत नाही. ती म्हणजे तिच्यामागून त्याच खाटेवर येणाऱ्या बाईवर जे ओढवेल त्याची. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात एका बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली व पोटात कापडाचा बोळा राहून गेला. पुन्हा पोट उघडले, तो सापडला, पण ती वाचली नाही. तिच्या नवऱ्याने लावलेल्या दाव्यात खालच्या न्यायालयाने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने सरकारास मोकळे केले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकार जबाबदार आहे असे ठरविले. तेहतीस वर्षे लागली. ते मूल तोवर तेहतिशीचे झाले असेल. पण सरकारी दवाखान्यातील चुकीबद्दल सरकार उत्तरदायी आहे, हे ठाम सांगणारा तो निकाल त्या नवऱ्याने धीर धरला म्हणून आपल्या हाती आला.

हे सर्व म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचेही वजन पुरते घातले पाहिजे. दावे वाढले की भित्रेपणा वाढतो. ज्या तालुक्यात एकच शस्त्रवैद्य आहे तेथे त्याने अवघड रोगी घेणेच सोडून दिले, तर रक्तस्राव होत असलेली बाळंतीण रात्री साठ मैल गाडीत जाईल, आणि कित्येकदा पोचणार नाही. तेव्हा दावा लावणाऱ्याने स्वतःस विचारावे: मला काय हवे आहे? काय घडले ते समजावे, हे? उपचाराचा खर्च भरून निघावा, हे? पुन्हा असे होऊ नये, हे? की तो मनुष्य गावात मान खाली घालून चालताना दिसावा, हे? चौथी इच्छा पहिल्या तिहींचा वेष घेऊन येते, म्हणून तिला ओळखणे कठीण. आमच्या अनुभवाने एक परीक्षा सांगतो. डॉक्टराने उद्या येऊन सर्व खरे सांगितले व खर्च भरून दिला, तर मला आनंद होईल की हिरमोड? हिरमोड होणार असेल तर अजून थांबावे.

वर्तमानपत्रांत कोट्यवधींच्या भरपाईच्या बातम्या येतात, त्यांवरही कोणी भुलू नये. २०१३ साली कोलकात्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये देवविले. पण ती मृत स्त्री अमेरिकेत राहणारी होती. भरपाई मोजताना मिळकत पाहतात, म्हणून शेतमजूर बाईच्या देहाची किंमत फार थोडी भरते. हा हिशेब आम्हांस बरा वाटत नाही, पण तो आहे असा आहे.

फौजदारी फिर्यादीविषयी आमचे मत अधिक कडक आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, डॉक्टरास गुन्हेगार म्हणावयाचे तर हयगय अतिशय ढोबळ असली पाहिजे, व त्याआधी दुसऱ्या निःपक्षपाती वैद्याचे मत घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा हयगयीने मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. केवळ दबाव आणून पैसे काढण्यासाठी पोलिसांत जाणे, हे आमच्या मते खंडणीचे भावंड आहे. आणि काचा फोडणाऱ्या थोरल्या भावास आम्ही इतकेच सांगितले की, महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी निराळा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होते, आणि फुटलेल्या काचेने मूत्रपिंड सुधारत नाही.

ज्यांस खरोखर विचार करावयाचा आहे त्यांनी प्रथम कागद मागावे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यास बहात्तर तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, व ती तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. मग ते कागद त्या गावाशी संबंध नसलेल्या जाणत्या शस्त्रवैद्यास दाखवावे. पैसे घेऊन दिलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हे १९९५ साली ठरले. जेथे सर्वांस फुकट उपचार मिळतो ते सरकारी दवाखाने त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे तक्रार करावी लागते. उपचारास दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकीलही बंधनकारक नाही. स्त्रियांस व अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. पुष्कळांस हे ठाऊक नसते व दोन वर्षे निघून जातात.

त्या दांपत्याने कागद मिळविले. दुसऱ्या जिल्ह्यातील एका निवृत्त शस्त्रवैद्याने ते वाचून सांगितले की, नळी दुखावणे हा दोष म्हणता येणार नाही. परंतु परिचारिकेने तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या दिवशी ताप व कूस दुखत असल्याचे लिहून ठेविले आहे, आणि त्या कागदावर डॉक्टराची सही थेट सातव्या दिवसाची आहे. मग मंडळीचे एक वडील त्या दोघांस घेऊन डॉक्टराकडे गेले. प्रथम त्याने ऐकून घेतले. तो त्या आठवड्यात बाहेरगावी होता, व मागे ज्यास ठेविले होते त्याने कळविले नाही, असे तो बोलून गेला. पुढच्या भेटीस मात्र तो आला नाही. वकिलाने बोलण्यास मना केले आहे, एवढा निरोप आला. आम्हांस त्याचा राग येण्यापेक्षा वाईट वाटले. कारण पहिल्या भेटीतला मनुष्य खरा होता.

परत येताना बाई प्रथमच बोलली. ती वडिलांस म्हणाली, "पैशाचं मागनं बघू, दादा. सात दिस मला कुणी का बघितलं न्हाई, त्ये त्यांनी समद्यांच्या म्होरं सांगावं." नवऱ्याने तिच्याकडे असे पाहिले की, जणू ह्या चौदा महिन्यांत त्याने तिला काही विचारलेच नव्हते, आणि खरोखर, कोणीही विचारले नव्हते.

तक्रार ऑगस्टमध्ये दाखल झाली. अर्ज लिहून देणाऱ्याने त्यात एक वाक्य घातले होते की, संमतिपत्र तिला वाचून दाखविले नव्हते; त्याने बाजू बळकट होते, असे तो म्हणाला. बाईने ते वाक्य खोडावयास लाविले. परिचारिकेने ते तिला वाचून दाखविले होते. डॉक्टराने पूर्वी केलेल्या दोन बाळंतपणांचा उल्लेखही तिने अर्जात घालविला, त्याचा काय उपयोग ते कोणासच कळले नाही. पुढील तारीख जानेवारीत आहे. तिच्या सुनेस सातवा महिना लागला आहे, आणि सुनेचे नाव त्याच दवाखान्यात घातले आहे. तालुक्यात दुसरे ठिकाण नाही.